सूज किती, वण किती? क्रोन्समध्ये जठराजवळची वाट अरुंद होते तेव्हा

क्रोन्स, म्हणजे पचनमार्गाला वारंवार सूज आणि जखमा करणारा दीर्घकाळचा आजार, म्हटलं की डोळ्यांपुढे लहान आतड्याचं शेवटचं टोक येतं. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी जे वर्णन प्रसिद्ध केलं, तेही त्याच टोकाचं होतं. पण हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही ठाण मांडू शकतो. आज मी बोलणार आहे ती जागा वरची आहे. जठराचा खालचा भाग, तिथून बाहेर पडायचं दार म्हणजे पायलोरस, आणि पुढचं ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग. क्रोन्स असलेल्या मोठ्या माणसांपैकी शंभरात फार तर चार जणांना तो इथं त्रास देतो. बहुतेकांना खालच्या आतड्यातही आजार असतोच. त्यामुळे वरचं सापडलं तरी खालचं तपासल्याशिवाय सोडू नये.

लक्षणं ऐका. चार घास खाल्ले की पोट भरतं, जेवणानंतर वरच्या पोटात जडपणा येतो, ढेकर येत राहतात, आणि मग उलटी. या उलटीकडे किळस बाजूला ठेवून नीट बघा, असं मी नातेवाइकांना सांगते. सकाळची पोळी-भाजी संध्याकाळी ओळखू येईल अशी बाहेर पडली, तर जठर रिकामं होत नाहीये. त्यात हिरवं-पिवळं पित्त अजिबात नसेल, तर अडथळा बहुधा पित्तनलिका उघडते त्या जागेच्या वर आहे. पित्त असेल, तर खाली. एवढी एक गोष्ट पाहून सांगितलीत तरी डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. प्रत्यक्षात आपल्या घरांत काय होतं? मेडिकलवाल्याकडून पित्ताची गोळी येते, थंड दूध होतं, कुणीतरी उपास सुचवतं, आणि कपडे ढगळ व्हायला लागले की मग दुर्बिणीची वेळ येते.

आता मुख्य मुद्दा. वाट अरुंद झाली म्हणजे तिथं दोनपैकी एक गोष्ट असते: सूज किंवा वण. बहुतेक वेळा दोन्ही. सूज औषधानं उतरते. वण, म्हणजे जुन्या जखमा भरताना आकसलेला निबर भाग, कोणत्याही औषधानं मऊ होत नाही. पुढचा सगळा उपचार या प्रमाणावर ठरतो, आणि ते प्रमाण ओळखणं सोपं नाही. दुर्बिणीत ताजे अल्सर दिसले, एमआरआय एंटरोग्राफीत (आतड्याच्या एमआरआयमध्ये) भिंत जाड आणि रक्तपुरवठा वाढलेला दिसला, रक्तात सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन चढलेलं असलं, तर सुजेचा वाटा मोठा धरतो. तरी काही वेळा औषध देऊन बघितल्यावरच उत्तर मिळतं.

पण त्याआधी एक प्रश्न भारतात विचारल्याशिवाय पुढं जाताच येत नाही: हा टीबी तर नाही? ड्युओडेनमचा टीबी दिसायला क्रोन्सची जुळी बहीण आहे. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे छोटे पुंजके, दोन्हींत सापडतात. टीबीतले मोठे, एकमेकांत मिसळलेले, मधोमध कुजलेले असतात, पण चिमूटभर तुकड्यात ते सापडतीलच असं नाही. शंका राहिली तर काही वेळा आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात आणि अल्सर भरले का ते बघतात. फक्त लक्षात ठेवा, टीबी पूर्ण बरा झाला तरी वणामुळे वाट अरुंदच राहू शकते. हे सगळं बघायचं, कारण टीबी असताना स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन दिलं तर तो भडकतो. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि लपलेला टीबी शोधणारी मांटू (त्वचेची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी करतातच. दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला अल्सर, जठरात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू आणि कॅन्सर हेही त्याच तुकड्यांवरून तपासायचे असतात.

उलट्यांनी हैराण झालेला माणूस आला तर आधी नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात आणि सलाइन लावतात. सततच्या उलट्यांनी पोटॅशियम घसरतं, ते भरून काढतात. अनेक आठवडे नीट न जेवलेल्याला एकदम भरपूर पोषण देणं धोक्याचं असतं, म्हणून ते बेतानं वाढवतात. बहुतेकदा अडथळ्याच्या पलीकडे बारीक नळी सरकवून.

औषधांत आम्ल कमी करणारी गोळी मदतीला, स्टेरॉइड थोड्या काळापुरतं, आणि लांब पल्ल्यासाठी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं: अझाथायोप्रिनच्या गोळ्या किंवा इन्फ्लिक्सिमॅब, अडालिम्युमॅब ही इंजेक्शनं. अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी एनयूडीटी15 या जनुकाची तपासणी शक्य असेल तर जरूर करा. आपल्या लोकांत त्यातला दोष वारंवार आढळतो आणि अशा माणसाच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कोसळतात.

वण मुख्य असेल तर फुगा, म्हणजे अरुंद भाग आतून फुग्यानं ताणून रुंद करणं. अरुंद भाग आखूड आणि सरळ हवा, साधारण पाच सेंटीमीटरच्या आत. जवळ पू किंवा फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे पडलेली वाट) नको. आधी एक-दोन दिवस पातळ पदार्थ आणि मग कडक उपवास, कारण भरलेल्या जठरातलं अन्न झोपेच्या औषधात फुप्फुसात जाऊ शकतं. दुर्बिणीतून फुगा अरुंद भागात नेतात आणि दाबानं पाणी भरून 10, मग 12, मग 15 मिलिमीटरपर्यंत फुगवतात. एक्स-रेच्या पडद्यावर त्याची कंबर आवळलेली दिसते. दाब वाढला की ती हळूहळू नाहीशी होते. एकाच बैठकीत हाव करत नाहीत. शंभरात दोन-तीन वेळा आतडं फाटतं, म्हणून शल्यचिकित्सक हाकेच्या अंतरावर हवा. नंतर पोटात जोराचं दुखलं, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका.

शस्त्रक्रिया लागलीच, तर ड्युओडेनम सहसा कापून काढत नाहीत. ते स्वादुपिंडाला आणि पित्तनलिकेला बिलगलेलं असतं. जठराला पुढचं आतडं जोडून बायपास करतात. किंवा अरुंद भागावर लांबीत छेद देऊन तो आडवा शिवतात, म्हणजे आतडं न गमावता वाट रुंद होते. याला स्ट्रिक्चरप्लास्टी म्हणतात, आणि इथं मला थोडा अभिमान वाटतो. ही युक्ती आतड्याच्या टीबीसाठी कटारिया आणि सहकाऱ्यांनी 1977 साली भारतातून मांडली. ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली यांनी ती क्रोन्सला लावून 1982 मध्ये प्रसिद्ध केली. ज्या टीबीनं आपलं निदान अवघड करून ठेवलंय, त्याच्याच उपचारातून हे आलं.

खाण्याचं म्हणाल तर वाट अरुंद असेपर्यंत मऊ भात, मुगाच्या डाळीची खिचडी, गाळलेलं सूप, दही. संत्र्याच्या फोडींवरची साल, शेवग्याच्या शेंगा, मक्याचे दाणे, सुकं खोबरं नको. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, चावून. तंबाखू आणि सिगारेट बंद. डोकेदुखीला डायक्लोफिनॅक नको, पॅरासिटामॉल घ्या.

शेवटी चिठ्ठीवर आलेला प्रश्न: फुगा किती वेळा करता येतो, आणि केल्यावर गोळ्या बंद करायच्या का? ठरावीक आकडा नाही. बऱ्याच जणांना वर्ष-दोन वर्षांत पुन्हा लागतो. प्रत्येक वेळी मधला काळ आखूड होत चालला, तर शल्यचिकित्सकांना भेटायची वेळ झाली. गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत. फुग्यानं वाट रुंद होते, आजार आत तसाच असतो.