दोन पगार, एक घरखर्च

नमस्कार श्रोतेहो. लग्नाची धावपळ संपते, आहेराची पाकिटं मोजून होतात आणि पहिल्याच पगाराला प्रश्न येतो: घरखर्चाला कोणी किती द्यायचं? बरीच जोडपी निम्मं-निम्मं ठरवतात. पगार सारखे नसतील तर हा हिशेब कमी कमावणाऱ्याला जड जातो.

आकडेच मांडू. एकाच्या हातात ४५,००० येतात, दुसऱ्याच्या ३०,०००. भाडं, किराणा, दूध, वीज, गॅस, कामवाल्या मावशी धरून खर्च ४०,०००. निम्मे केले तर एकाकडे २५,००० उरतात, दुसऱ्याकडे अवघे १०,०००. सहा महिन्यांत कुरबुर सुरू होते. त्यापेक्षा पगाराच्या प्रमाणात, तीनास दोन असे वाटे करा: २४,००० आणि १६,०००. मग उरतात २१,००० आणि १४,०००, आणि त्या पैशांचा हिशेब एकमेकांना मागायचा नाही. पगार वाढला किंवा नोकरी सुटली की प्रमाण नव्याने काढायचं. एकच जण कमावत असेल तर घर सांभाळणाऱ्याच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम न मागता जायला हवी. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

घरखर्चाचं खातं दोघांच्या नावे काढा, स्वतःची खाती बंद करू नका. अर्जात खातं कसं चालवणार हा रकाना असतो, तो घाईत भरू नका. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं तर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं. 'जॉइंटली' लिहिलं तर पैसे काढताना दोघांच्याही सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत तीच खातं चालवते.

कर्जाच्या हप्त्याची तारीखही बघा. हप्ता ५ तारखेला आणि एकाचा पगार ७ ला, असं असेल तर हप्ता परत जातो, दंड बसतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो. बँकेला सांगून तारीख पुढची घ्या, नाहीतर एका हप्त्याएवढी रक्कम खात्यात कायम ठेवा.

गणपती-दिवाळी, गाडीचा विमा, नातेवाइकांकडची लग्नकार्यं हे खर्च दर वर्षी येतात, तरी बजेटमध्ये राहून जातात. वर्षाचे ६०,००० होत असतील तर दरमहा ५,००० आरडीत, म्हणजे बँकेच्या आवर्ती ठेवीत, टाका. गावी आईवडिलांना पाठवायचे पैसेही, दोन्हीकडचे, आधीच उघड ठरवा. लग्नासाठी काढलेलं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी पहिल्याच महिन्यात एकमेकांना सांगा आणि कार्ड आधी फेडा.

नवऱ्याने स्वतःचे पैसे बायकोच्या नावावर एफडीत ठेवले तर त्याचं व्याज करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. उलट बाजूनेही नियम तोच. लग्नात मिळालेल्या आहेरावर मात्र कर नाही. कोणी काय दिलं ती यादी जपून ठेवा.

आणि नॉमिनी, म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाला द्यायचे ते नाव. पीएफमध्ये लग्नाआधी भरलेलं नामनिर्देशन लग्नानंतर ग्राह्य धरत नाहीत, ते नव्याने भरावं लागतं. पीएफच्या वेबसाइटवर यूएएनने, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकाने, लॉगिन करून 'मॅनेज'मध्ये 'ई-नॉमिनेशन' उघडा. जोडीदाराचा आधार क्रमांक आणि फोटो जवळ ठेवा. तुमचा स्वतःचा फोटोही प्रोफाइलमध्ये असावा लागतो. बरेच जण 'सेव्ह' करून थांबतात. त्यानंतर आधारच्या ओटीपीने ई-साइन करायचं असतं; ते केलं नाही तर नामनिर्देशन अर्धवटच राहतं.