जाड कामाला कुठलं सोल्डरिंग आयर्न घ्यावं
(लातूरला रिपेअरिंगवाले आणि आयटीआयची पोरं जमली होती तेव्हाचं हे बोलणं, लिहून काढताना थोडंसं नीट केलंय.)

नमस्कार मंडळी. मला जो विषय दिलाय तो प्रश्न दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतंच, की मामा, इन्व्हर्टरच्या केबलला सोल्डर, म्हणजे वितळवून जोड करायचा धातू, धरत नाही, ट्रॅक्टरच्या रेडिएटरला धरत नाही, आयर्न किती वॉटचं घेऊ? विचारणाऱ्याला एक आकडा पाहिजे असतो. आकडा देतो मी, पण आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या, नाहीतर 125 वॉटचं घेतलं तरी रडगाणं तेच राहील.

आपलं नेहमीचं 60/40 सोल्डर, म्हणजे 60 टक्के कथील आणि 40 टक्के शिसं, 183 डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि 190 च्या आसपास पूर्ण पातळ होतं. आता साधं 25 वॉटचं आयर्न घ्या, त्याचं टोकसुद्धा 300 डिग्रीच्या वर जातं. मग अडतं कुठं? घरी बघा, पातळ पत्र्याच्या तव्यावर ज्वारीची भाकरी टाकली की तवा लगेच गार पडतो, भाकरीला पापुद्राच सुटत नाही, आणि जाड लोखंडी तवा असला की तीच भाकरी टम्म फुगते. तापले होते दोन्ही तवे, पण एकाकडं उष्णतेचा साठा होता आणि एकाकडं नव्हता. आयर्नचं अगदी हेच आहे. टोक किती तापलंय हे नंतर बघा, जाड तांब्याला टेकवल्यावर ते तापलेलं राहतंय का हे आधी बघा.

थोडं गणित करू, सोपं आहे. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायची तांब्याची टोपी, आणि त्यात घातलेली केबल मिळून 50 ग्रॅम तांबं धरा. एक ग्रॅम तांबं एक डिग्रीनं तापवायला 0.385 ज्यूल लागतात, आपल्याला 200 डिग्री चढवायचंय, म्हणजे झाले 3850 ज्यूल. 25 वॉटचं आयर्न सेकंदाला 25 ज्यूल देतं, म्हणजे अडीच मिनिटं, तेही एक ज्यूलसुद्धा वाया गेला नाही तर. पण तांबं लोखंडाच्या पाचपट उष्णता वाहून नेतं, इकडून तुम्ही द्यायलात आणि तिकडून केबल ती पळवायलीय, त्यामुळं तो लग 183 ला कधी पोचतच नाही. 100 वॉटला तेच काम 38 सेकंदांचं आहे, म्हणून ते होतं.

माझ्या हातून सुरुवातीच्या काळात झालेलं सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या इन्व्हर्टरची बॅटरी केबल होती, मी 25 वॉटनं लग सोल्डर केला, वरून चकाचक दिसत होता. आठ दिवसांनी माणूस केबल हातात घेऊन आला, स्लीव्ह वितळून लगाला चिकटलेली, प्लॅस्टिकचा जळका वास. मी लग उभा कापला, तर आत सोल्डर गेलंच नव्हतं, वर फक्त सोल्डरचा थर बसला होता आणि आतल्या तारा कोरड्या, काळ्या पडलेल्या. अशा केबलमधून फुल लोडवर 60 अँपियर जातात, आणि जॉइंटला नुसता शंभरावा भाग ओहम रेझिस्टन्स राहिला तरी 36 वॉट उष्णता तिथं तयार होते, म्हणजे ज्या आयर्ननं मी तो जोड केला त्यापेक्षा जास्त! त्या माणसाच्या घरात आग लागली नाही हे नशीब. तेव्हापासून असा लग मी आधी दाबून क्रिंप करतो आणि मग मोठ्या आयर्ननं सोल्डर भरतो.

आता आपल्या भागातली अडचण. रब्बीत कृषीपंपांचा लोड आला की गावात 180 व्होल्ट मिळाले तरी भरपूर, आणि आयर्नचा वॉट व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. 230 ला 100 वॉट देणारं आयर्न 180 ला फक्त 61 वॉट देतं, म्हणजे तुम्ही विकत घेतलं 100 चं आणि हातात आलं 60 चं. म्हणून शहरात जिथं 100 पुरतं तिथं गावात 125 घ्या, ते 180 ला निदान 77 तरी देतं. सर्किट बोर्डाच्या कामाला 25, ट्रान्सफॉर्मरच्या जाड तारांना 60, लग आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरचं लीकेज असेल तर 100 ते 125, आणि त्याहून मोठा तुकडा असेल तर सरळ गॅस टॉर्च.

खोक्यावर छापलेल्या वॉटवर जाऊ नका. आत नायक्रोमच्या, म्हणजे तापणाऱ्या तारेचं आयर्न असेल तर थंड असताना, प्लग बोर्डातून काढून, अर्थची जाड पिन सोडून उरलेल्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. 52900 ला, म्हणजे 230 गुणिले 230 ला, वॉटनं भागलं की ओहम येतात, 100 वॉटला 529, 125 ला 423 च्या आसपास. 125 लिहिलंय आणि मीटर 750 दाखवतोय तर ते 70 वॉटचं आहे, परत करा. सिरॅमिक हीटरला मात्र हा हिशोब लावू नका, तो थंड असताना वेगळा आकडा दाखवतो. आणि अर्थची तिसरी पिन नसलेलं आयर्न स्वस्त मिळालं तरी घेऊ नका रे पोरांनो, जिवाचा प्रश्न आहे.

बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, जाड आणि छिन्नीसारखं चपटं घ्या, टोकदार नको, चपट्या तोंडाचा भाग जास्त टेकतो. नुसत्या तांब्याचं बिट कानशीनं घासलं तर चालतं, पण वरून लोखंडाचा मुलामा असलेल्या बिटाला कानस लावली की ते कामातून गेलं. मोठं बिट तापायला पाच-सात मिनिटं घेतं, तेवढा धीर धरा. लग व्हाइसमध्ये आवळून सोल्डर करू नका, व्हाइसच सगळी उष्णता पिऊन घेते, खाली लाकडाचा तुकडा ठेवा आणि डोक्यावरचा फॅन बंद करा.

मोठं आयर्न घेतलं म्हणून सर्किट बोर्डाला लावू नका, पॅड, म्हणजे बोर्डावरचे तांब्याचे ठिपके, उचलून येतात. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला हे सोल्डर कितीही वॉट लावा, धरत नाही, त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो. आणि कुणी पाण्याचा हंडा, दुधाची कॅन आणली तर शिशाचं सोल्डर लावू नका, हात जोडून सांगायलोय, ते शिसं लेकरांच्या पोटात जातं. काम झालं की जेवायच्या आधी हात साबणानं धुवा.

ज्यांनी आपापली आयर्नं आणलीत त्यांनी पुढं या, मीटर इथं आहे, एकेक मोजून बघू.