तळ्यांच्या वाटेने श्रीलंका

[दृश्य: कला वेवाचा बांध, सकाळची वेळ. बांधावरून सायकली जाताहेत. पलीकडे पाणीच पाणी.]

हे पाणी पहिल्यांदा अडवलं गेलं, त्याला पंधराशे वर्षं झाली. श्रीलंकेच्या कोरड्या उत्तर-मध्य पट्ट्यातलं हे तळं, कला वेवा, पाचव्या शतकात राजा धातुसेनाने बांधलं. त्याखालच्या शेतांत आजही भात उभा आहे.

कोलंबो मुंबईहून विमानाने अडीच तासांवर. सहल आखताना आपण सिगिरिया लिहितो, कँडी लिहितो, एखादा समुद्रकिनारा लिहितो. कला वेवा लिहीत नाही. आमचा आग्रह असा, की आधी तळी लिहा. राजधान्या, स्तूप, हत्ती, सगळं या पाण्याच्या आधाराने उभं राहिलं, आणि त्याच क्रमाने पाहिलं तर हा देश कळतो.

[दृश्य: ढग भरून येताना, नंतर कोरडी पडलेली तळ्याची कड.]

पहिल्यांदा महिना ठरवा. या बेटावर दोन मोसमी पाऊस पडतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो कोलंबो, गॉल आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा. तळ्यांच्या मुलखाचा खरा पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा. आपल्याकडे दिवाळीची सुटी लागते तेव्हा तिथे जवळजवळ सगळीकडे पाऊस असतो. तुडुंब तळी पाहायची तर फेब्रुवारी-मार्च. हत्तींचे कळप पाहायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर. एकाच सहलीत दोन्ही मिळत नाहीत, तेव्हा घरच्यांना विचारून एक काय ते ठरवा.

[दृश्य: बांधाच्या आतल्या उतारावरचे दगड, मग जुन्या मोरीचा चौकोनी दगडी हौद. कॅमेरा वरून आत उतरतो.]

इथे थोडं थांबू. मातीचा बांध घालणं एक वेळ सोपं, अवघड असतं ते त्यातून पाणी बाहेर काढणं. तळं भरलेलं असताना तळाशी मोरी उघडली, की पाणी इतक्या जोराने सुटतं, की मोरीच्या कडेची माती धुपते आणि शेवटी बांधच जातो. यावरचा उपाय म्हणजे हा हौद. सिंहली लोक त्याला बिसोकोटुव म्हणतात. बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या बाजूला, दगडाने बांधलेली ही चौकोनी विहीर. तळ्यातलं पाणी आधी तिच्यात येतं. आल्यावर पसरतं, त्याचा जोर मोडतो. किती पाणी सोडायचं ते इथेच दार वर-खाली करून ठरवायचं. मग ते शांतपणे बांधाखालच्या दगडी मोरीतून पलीकडे कालव्यात जातं. इंग्रज अमदानीत पाटबंधारे खात्यात काम केलेल्या हेन्री पार्कर या अभियंत्याने जुन्या तळ्यांचा बारकाईने अभ्यास केला. या हौदांत त्याला त्याच्या काळातल्या धरणांच्या झडप-मनोऱ्यांचे पूर्वज दिसले.

उतारावर रचलेले दगड लाटांसाठी आहेत. वारा सुटला की तळ्यातही लाटा उठतात आणि माती खातात. आपल्या धरणांवर ज्याला पिचिंग म्हणतात, तेच हे काम.

[दृश्य: जय गंगा कालव्याचा काठ. एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला मोकळं शेत आणि झाडी.]

कला वेवातून निघालेला हा कालवा, जय गंगा. लांबी सुमारे ८७ किलोमीटर. सुरुवातीच्या मोठ्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम दहा सेंटीमीटर आहे. आज हे साधायला मोजणीची यंत्रं लागतात. आणि नीट पाहा, बांध एकाच बाजूला आहे. दुसरी बाजू मुद्दाम मोकळी सोडली आहे, म्हणजे वरून वाहत येणारं पावसाचं पाणीही कालव्याला मिळतं. तो अनुराधपुर या जुन्या राजधानीतल्या तिसा वेवा या तळ्याला जाऊन मिळतो. तुम्हीही त्याच दिशेने जा. जाण्यापूर्वी जवळच अवुकनची बुद्धमूर्ती पाहा. सुमारे १२ मीटर उंचीची, एकाच कातळातून कोरलेली.

[दृश्य: रुवनवेलिसाय स्तूप, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मग बोधिवृक्षाचा सोनेरी कठडा.]

अनुराधपुराला बहुतेक सहली एक दुपार देतात. आमच्या मते दोन दिवस हवेत. अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा हा वृक्ष. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांशी त्याचं नातं आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी याच वृक्षाच्या फांद्या नेऊन १९६८ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर लावल्या.

कपडे शक्यतो पांढरे, खांदे आणि गुडघे झाकलेले. चपला बाहेर. भर दुपारी फरशी पाय भाजते, म्हणून मोजे जवळ ठेवा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो अपमान समजतात. पौर्णिमेला तिथे पोया म्हणतात, देशभर सुटी असते. त्या दिवशी गर्दी असते, तरी तोच दिवस निवडावा.

[दृश्य: लहान गावतळं, कमळं, खाली भाताची खाचरं, त्याखाली दुसरं तळं.]

मोठी तळी राजांची. पण वाटेत गाडी थांबवून अशी गावतळी पाहाच. ती साखळीने बांधली आहेत. वरच्या तळ्याचं पाणी शेताला जातं, शेतातून झिरपलेलं खालच्या तळ्यात येतं, तिथून पुन्हा शेतात. तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा असतो. गाळ अडवायला छोटा खड्डा, बांधाखाली खारं पाणी शोषून घेणारी झाडी. काही ठिकाणी रानात एक वेगळं तळं, फक्त जनावरांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानलं आहे.

[दृश्य: सिगिरियाचा कातळ, समोर सरळ रेषेतल्या पाण्याच्या बागा.]

आता सिगिरिया. चूलवंस या पाली बखरीत एक कथा आहे. धातुसेनाचा मुलगा कश्यप याने सत्ता बळकावली आणि बापाला लपवलेला खजिना दाखवायला सांगितलं. धातुसेन कला वेवावर गेला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी दौलत ती हीच. त्याला ठार मारण्यात आलं. मग भावाच्या भीतीने कश्यपाने या कातळावर राजवाडा बांधला.

सकाळी दार उघडताच आत जा, पण लगेच चढू नका. खालच्या बागांत सपाटीवर कारंजी आहेत. दगडी तबकडीला भोकं, खाली बंद नाळ्या, पाण्याला लागणारा जोर निव्वळ उतारातून. पावसाळ्यात ती अजूनही उडतात. वरच्या भित्तिचित्रांच्या कपारीत कॅमेरा चालत नाही. अजिंठा पाहिलेल्यांना तिथलं रेखाटन ओळखीचं वाटेल.

[दृश्य: मिन्नेरिया. गवतात हत्तींचे कळप, पिल्लं.]

मिन्नेरियाचं तळं राजा महासेनाचं, इथले लोक त्याला देव मानतात. ऑगस्ट-सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत पाणी मागे हटतं, ओल्या काठावर कोवळं गवत येतं आणि आजूबाजूच्या रानांतले हत्ती इथे जमतात. मोरगहकंद धरण झाल्यापासून या तळ्यात त्या कोरड्या दिवसांतही पाणी सोडलं जातं, ते गवत बुडतं आणि कळप रोडावतात.

[दृश्य: पोलोन्नारुवा, गल विहार. मग पराक्रम समुद्राचा बांध.]

पोलोन्नारुवा, अनुराधपुरानंतरची राजधानी, जवळच. गल विहारातली निजलेली बुद्धमूर्ती पाहा आणि मग बाराव्या शतकातल्या राजा पराक्रमबाहूच्या तळ्याकडे चला. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाऊ नये, ही त्याची आज्ञा श्रीलंकेत आजही लोकांच्या तोंडी आहे.

[दृश्य: पोल्गोल्ल बंधारा, कँडीजवळ.]

कँडीला बुद्धाच्या दाताच्या, म्हणजे दंतधातूच्या मंदिरासाठी सगळेच जातात. तिथून थोड्याच अंतरावर हा पोल्गोल्लचा बंधारा आहे. महावेली नदीचं पाणी १९७६ पासून इथून बोगद्याने उत्तरेकडे वळवलं जातं. त्यातलं काही कला वेवात पोचतं. नदीचा उगम हॉर्टन प्लेन्सच्या पठारी भागात. तिथे जायचं तर पहाटे निघा, नऊ-दहानंतर कड्यावर ढग चढतात.

तयार पॅकेजमध्ये कला वेवा, गावतळी आणि पोल्गोल्ल सहसा नसतात. गाडी ठरवतानाच चालकाला ही नावं लिहून द्या, आणि अनुराधपुरातली दुसऱ्या रात्रीची खोली आधीच सांगून ठेवा.