घटात बसलेली देवी

श्रोतेहो, नमस्कार. आश्विन शुद्ध प्रतिपदेला नाशिक जिल्ह्यात घरोघरी घट बसतात. वावरातली काळी माती परडीत किंवा पत्रावळीवर पसरून तिच्यात धान्य पेरतात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात, त्यावर विड्याची पाने आणि नारळ ठेवून रोज एक माळ सोडतात. सप्तशृंगगडावर अठरा हातांची भगवती उभी असते. घरातल्या घटाला मात्र ना हात, ना चेहरा, आणि तरीही ‘देवी बसली’ असेच आपण म्हणतो.

अथर्ववेदाच्या तिसऱ्या कांडातील गृहसूक्तात नव्या घरात भरलेला कुंभ आणायला स्त्रीलाच सांगितले आहे. घट आणि गर्भ यांचे नाते मात्र उत्खननांत अधिक ठळक दिसते. सुमारे ३००० वर्षांपूर्वी जोर्वे संस्कृतीचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण युगातले शेतकरी लोक मृत अर्भकाला तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. जणू ते लेकरू पुन्हा उदरात ठेवले जाई. तेथपासून आजच्या घटापर्यंत सरळ रेघ ओढण्याचे धाडस मी करणार नाही. पण लज्जागौरीकडे, या सुफलतेच्या देवीकडे पाहा. तिच्या काही मूर्ती आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही सापडल्या आहेत. या देवीच्या शिल्पांत मस्तकाच्या जागी अनेकदा कमळ उमललेले असते आणि काहींत धडच घटाचे असते. पांडवलेण्यांत, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने दान दिलेल्या दहाव्या लेण्यात, स्तंभांच्या पायथ्याशी घट कोरलेले आहेत. लेणे बौद्ध भिक्षूंचे, पण मांगल्याची ही खूण त्यांनाही परकी नव्हती.

श्रीसूक्तात लक्ष्मीला ‘करीषिणी’ म्हटले आहे, म्हणजे शेणखताने समृद्ध असलेली. आणि तिचा पुत्र कर्दम, म्हणजे चिखल. सोन्यानाण्याच्या लक्ष्मीपेक्षा ही लक्ष्मी मला परडीतल्या मातीच्या अधिक जवळची वाटते. हल्ली सोय म्हणून कोणी तांब्याचा कलश मांडतात. त्याला माझी हरकत नाही, परंतु सच्छिद्र अंगाचा मातीचा घट झिरपतो, भोवतीची माती ओली राखतो आणि त्याच ओलीवर नऊ दिवसांत धान्य वीतभर वाढते. दसऱ्याला घट हलला की ते पिवळसर कोंब टोपीत खोवले जातात.