फ्रिजमधला हिवाळा

(फ्रिजचं दार उघडतं. खालचा कप्पा.)

पिशवीत मूठभर ओलसर वाळू आणि वाळूत मिल्कवीड या उत्तर अमेरिकेतल्या रानफुलाचं बी. चपटं, तपकिरी, कडेला कागदासारखी झालर. पिशवीवर नाव आणि तारीख आवर्जून टाकलेली. नाहीतर महिन्याभरात कुणीतरी ती कचरा समजून फेकून देतं.

मधमाश्या-फुलपाखरांसाठी रानफुलं बियांपासून वाढवायची आहेत. पण बी फ्रिजमध्ये कशाला? थंड प्रदेशात हे बी हिवाळ्याच्या तोंडावर गळतं. तेव्हाच रुजलं तर कोवळं रोप बर्फात मरेल. म्हणून ते अडून बसतं. ओल आणि गारवा पुरेसे दिवस अंगावर घेतल्याशिवाय उगवायचं नाव काढत नाही. फ्रिजमधला ४-५ अंशांचा खोटा हिवाळा त्याला महिना-दीड महिन्यात पटतो.

प्रत्येक रानफुलाच्या बियांचा हट्ट निराळा. ल्युपिनचं टरफल इतकं टणक, की पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. कार्डिनल फ्लॉवरचं बी तर धुळीसारखं आणि त्याला उजेड हवा. मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून झाकायचं नाही. पण हाताला झाकायचीच सवय!

(कुंडी. रोपाची नखाएवढी पानं.)

पहिल्या वर्षी दिसतं ते एवढंच. रोपाची खरी कमाई जमिनीखाली चाललेली असते, मुळांत. वर काही घडत नाही म्हणून ते तण समजून उपटणारे कमी नाहीत. फुलं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

दुकानातली भरगच्च फुलांची तयार रोपं का नकोत? कारण अशा दुहेरी फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मधमाशीला पराग मिळणार कुठून? शिवाय उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडचीच पानं खाते. दुसरं काही चालत नाही.

आणि मधमाश्या म्हणजे फक्त पोळ्यातल्या नव्हेत. जगात त्यांच्या २०,०००हून अधिक जाती. बहुतेक एकांड्या, त्यातल्या कितीतरी जमिनीत बीळ करतात. तेव्हा वाफ्याशेजारी थोडी उघडी माती राहू द्या. जरा ओकंबोकं दिसेल, दिसू दे.

(तिसरा उन्हाळा. मिल्कवीडचा गुलाबी झुबका.)

एक बंबलबी, म्हणजे जाडजूड केसाळ मधमाशी, उतरते. मध पिताना तिचा पाय फुलातल्या बारीक फटीत घसरतो. ती हिसका देते. नीट पाहा: पायाला परागाच्या दोन पिवळ्या पिशव्या, चिमट्यासारख्या अडकल्यात. लहानसहान किडे कधीकधी इथेच अडकून मरतात. ही दणकट आहे. पाय झाडते, पिशव्या सुटत नाहीत. तशीच शेजारच्या फुलावर जाते.