वॉल किती आटे उघडायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात सकाळी एक प्रश्न हमखास कानावर पडतो: आज नळ येणार का? त्याचं उत्तर गावात एकाच माणसाला माहीत असतं. बायाबापड्या त्याला पाणीवाले मामा म्हणतात, शहरात तो लाईनमन होतो, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात पाणीपुरवठा कर्मचारी. पाणी शुद्ध करायचं कामही त्याच्याकडेच असेल तर कागदोपत्री तो जलसुरक्षकही असतो. पारावर मात्र त्याची ओळख एका वाक्यात होते, "नुसता वॉल तर फिरवायचाय, त्याला काय अक्कल लागते?" आज आपण ही अक्कल नेमकी कुठं लागते ते बघू.

सुरुवात वॉलपासूनच करू. रस्त्याच्या कडेला चौकोनी चेंबर असतो, त्यात बिडाचा वॉल आणि वर चौकोनी डोक्याचा दांडा. त्यावर टी आकाराची लांब चावी बसवायची आणि फिरवायची. चार इंची वॉल पुरता उघडायला साधारण पंधरा-वीस आटे लागतात. आता गंमत अशी, की पहिल्या चार-पाच आट्यांतच बरंच पाणी सुटतं आणि बंद करताना शेवटच्या चार-पाच आट्यांत ते अडतं. म्हणून शेवटचे आटे सगळ्यात सावकाश फिरवायचे. घाईनं वॉल आवळला, तर धावतं पाणी एकदम अडतं आणि तो सगळा झटका पाईपच्या सांध्यावर बसतो. प्लास्टिकच्या पाईपचा सांधा तिथंच सुटतो. दुसऱ्या दिवशी गाव म्हणतं पाईप हलका होता. कधी असतोही. पण पुष्कळदा वॉल घाईत आवळलेला असतो.

मोटारीचं पाणी टाकीत न घेता थेट लाईनीत सोडलेलं असेल, तर क्रमालाही महत्त्व आहे. पुढच्या गल्लीचा वॉल आधी उघडायचा, मगच चालू गल्लीचा बंद करायचा. उलटं केलं तर मधल्या दोन मिनिटांत मोटार बंद लाईनीवर जोर करत राहते आणि जिथं कच्चं असेल तिथं फुटतं.

पण खरी कसोटी वेगळी आहे. गाव सपाट नसतं. एक गल्ली उंचावर, एक ओढ्याकाठी. दोन्हीकडचे वॉल पुरते उघडले, तर सगळं पाणी उताराला धावतं आणि वरच्या गल्लीत नळ नुसता फुसफुसतो. म्हणून खालच्या गल्लीचा वॉल चारच आटे उघडायचा, मधल्या आळीचा आठ, वरचा पुरता. हे आकडे कुठल्या नकाशात लिहिलेले नसतात. टाकी भरलेली असताना चार आटे पुरतात, अर्धी झाली की दाब उतरतो आणि पाच लागतात. नवीन दहा कनेक्शनं दिली की सगळा हिशेब पुन्हा बसवावा लागतो. हा माणूस लग्नाला म्हणून दोन दिवस गावाबाहेर गेला आणि बदली पोरानं सगळे वॉल पुरते उघडले, की वरच्या गल्लीतून घागरी घेऊन मोर्चा येतो. पारावरच्या वाक्याचं उत्तर त्या दोन दिवसांत मिळतं, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही.

यावरूनच त्याच्यावर आळ येतो, की अमक्याच्या गल्लीत जास्त पाणी सोडतो. कुठं तसं घडतही असेल. पण ज्यांच्याकडे टिल्लू, म्हणजे नळाला लावायची छोटी मोटार, आहे ते लाईनीतून पाणी ओढून घेतात, आणि त्या घरांच्या पुढं नळ कोरडा पडतो. शिवी मात्र वॉलवाल्याला. टिल्लूचा तोटा एवढ्यावर थांबत नाही. लाईनीत दाब कमी असताना मोटारीनं ओढ दिली, की जिथं सांधा कच्चा आहे आणि शेजारून गटार वाहतं, तिथून घाण पाणी आत खेचलं जातं. चार दिवसांनी दवाखान्यात गर्दी होते.

आता विहिरीकडे चला. पाणीपुरवठ्याची विहीर बहुधा गावापासून लांब, तळ्याच्या किंवा नदीच्या काठाला असते. मोटार थ्री फेजवर, म्हणजे विजेच्या तिन्ही तारांवर चालते, आणि लाईन शेतीला वीज देणाऱ्या फीडरवर असेल तर थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की हा माणूस अंधारात बॅटरी घेऊन विहिरीवर. खोक्याचं दार उघडून स्टार्टरचं हिरवं बटण दाबायच्या आधी तिन्ही फेज आहेत का ते बघायचं. बटण दाबलं की नजर अँपिअरच्या काट्यावर. समजा नेहमी काटा आठवर असतो. तो सहावर आला तर मोटार पाणी सोडून हवा ओढतेय, म्हणजे विहिरीचा तळ जवळ आला. लगेच बंद करायची. दहावर गेला तर पंपात गाळ अडकलाय किंवा बेअरिंग धरतंय. कधी काटाही बिघडलेला वाटतो आणि पाणीही अर्धंच पडतं. आदल्या दिवशी वीजवाल्यांनी लाईनीचं काम केलं असेल, तर दोन फेज अदलाबदल झालेले असतात आणि मोटार उलटी फिरत असते. मेन स्विच पाडून कुठल्याही दोन वायरींची जागा बदलली, की काम झालं. हे ज्याला कळत नाही तो मोटार वर काढायला माणसं बोलावतो.

सगळ्यात जास्त मोटारी जळतात त्या एक फेज गेल्यामुळे. तीन तारांतली एक मेली, की मोटारीचा सगळा भार उरलेल्या दोघींवर पडतो आणि काही मिनिटांत वाइंडिंग काळं होतं. यासाठी स्टार्टरसोबत एक यंत्र मिळतं, ते अशा वेळी मोटार बंद पाडतं. पण आपल्याकडे व्होल्टेज इतकं खालीवर होतं, की ते यंत्र सारखंच मोटार पाडतं. मग गावातून दबाव येतो: पाणी पाहिजे, काय वाटेल ते कर. आणि कुणीतरी ते यंत्र बायपास करतं, स्टार्टरमध्ये लाकडाची काडी घालून तो दाबून धरतं. मोटार चालते, आणि एका रात्रीत जळते. ती बाहेर काढायला तिकाटणं, चेन कप्पी, सहा-सात माणसं. मग तालुक्याला वाइंडिंग, पुन्हा सोडणं. पाच-सहा दिवस गाव टँकरवर. काडी घालायला लावणारे त्या पाच-सहा दिवसांत कुठंच दिसत नाहीत.

आता ज्या कामाला सगळ्यात कमी मान आहे आणि ज्यानं सगळ्यात जास्त जीव वाचतात, त्याकडे येऊ. ते काम म्हणजे टीसीएल, आपली ब्लिचिंग पावडर. पावडरीत 33 टक्के क्लोरीन असेल, तर 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम पावडर लागते. 50 हजार लिटरची भरलेली टाकी असेल तर 250 ग्रॅम. टाकी अर्धी असेल तर 125. विहिरीचा हिशेब थोडा निराळा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याला पुन्हा व्यासानंच गुणायचं, मग पाण्याच्या खोलीनं, आणि शेवटी 785 नं. उत्तर लिटरमध्ये येतं. म्हणजे व्यास 6 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर 6 गुणिले 6 गुणिले 4 गुणिले 785, झाले 1 लाख 13 हजार 40 लिटर. त्याला पावडर साधारण 565 ग्रॅम. आणि ही आकडेमोड करणाऱ्याला आपण अकुशल म्हणतो.

पावडर मुठीनं भिरकावून चालत नाही. प्लास्टिकची बादली घ्यायची. लोखंडी नको, पावडर पत्रा खाते. मोजलेल्या पावडरीत थोडं पाणी घालून, गुठळ्या मोडून पिठल्यासारखं कालवायचं. मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवायची. चुना तळाला बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. तळचा चुना फेकून द्यायचा. तो टाकीत गेला तर पाणी पांढरट येतं आणि लोक म्हणतात, पावडर जास्त झाली. निवळी टाकल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबायचं आणि मगच वॉल उघडायचा, कारण क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदा एक प्लास्टिकची वाटी पावडरीनं भरून तोलून घ्यायची आणि तीच वाटी कायम मापाला ठेवायची. अंदाजानं टाकणं हा या कामातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे.

दुसरा घोटाळा साठवणीचा. पोतं उघडं राहिलं, त्याला ऊन लागलं किंवा ओल आली, की क्लोरीन उडून जातो. पावडर पांढरीच दिसते, पण तिच्यात दम नसतो. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये, म्हणून तिचाही नमुना प्रयोगशाळेत जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं असलेलं पोतं दिसलं, तर समजा गाव रोज चुना पितंय.

एवढं करून क्लोरीन घरापर्यंत पोचला का, हे ओटीनं कळतं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, छोट्या बाटलीतलं औषध. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे एक-दोन थेंब टाकायचे, पाणी लगेच पिवळं झालं तर क्लोरीन आहे. सोबतच्या रंगपट्टीशी जुळवायचं. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा. ही तपासणी टाकीखालच्या नळावर करून उपयोग नाही, तिथं पिवळं येणारच. ती शेवटच्या घरी करायची. आणि मराठवाड्यातल्या गावांत शेवटचं घर कुठं असतं हे आपल्याला माहीत आहे. लाईन सरपंचाच्या वाड्यापासून निघते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत संपते. पाणीही तिथंच कमी, क्लोरीनही तिथंच कमी, आणि पाईपच्या बंद टोकाला गाळ तिथंच साचतो. तिथला वॉशआउट, म्हणजे गाळ काढायचा वॉल, उघडून गढूळ पाणी सोडून देणं हे महिन्यातून एकदा तरी व्हायला हवं. जो वॉलमन आपणहून ते करतो, त्याच्याइतका न्यायी माणूस गावात दुसरा शोधावा लागेल.

पाण्याच्या जागांची आणि आजूबाजूच्या घाणीची वर्षातून दोनदा पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. कार्ड स्वीकारताना फोटोत सरपंच असतात, ग्रामपंचायत अधिकारी असतात. बादली कालवणारा फोटो काढायला उभा असतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. 12 तारखेला पहिली गाडी पोचली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्या गाडीची छायाचित्रं देशभर छापून आली. पण स्टेशनात उभं असलेलं पाणी आपोआप हंड्यात येत नाही. वाघिणीला नळी जोडणारे, टँकर भरणारे, गल्लीत भांडणं सोडवत नंबरानं पाणी देणारे, यांच्या हातून ते गेलं. छत्रपती संभाजीनगरात जायकवाडीहून येणाऱ्या 700 आणि 1400 मिलिमीटरच्या जुन्या लाईनींपैकी एखादी फुटली, की अख्ख्या शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं. निर्णय वरचे घेतात. दारात उभं राहून "ताई, आज नाही, परवा" हे लाईनमनला सांगावं लागतं.

पगाराचंही बोलून टाकू. शासनानं ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना किमान वेतन ठरवून दिलेलं आहे. पण मंजूर पदं थोडी, आणि पुष्कळ ठिकाणी वॉल फिरवणारा माणूस मानधनावर किंवा रोजावर असतो. पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा येतो पाणीपट्टीतून. पाणीपट्टी आपल्याला मार्चमध्ये नोटीस आल्यावरच आठवते. तोवर तीन-तीन महिने थकलेला असतो तो या माणसाचा पगार, आणि पाणी मात्र एक दिवस थकलेलं चालत नाही. टाकी धुवायला तो आत उतरतो तेव्हा झाकणापाशी दुसरा माणूस असलाच पाहिजे, कारण बंद टाकीत पावडरीचा वास कोंडतो आणि गुदमरायला होतं. हा दुसरा माणूस द्यायलाही पैसे नाहीत म्हणतात. रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं एवढं तरी पंचायतीनं द्यावं. ही मागणी मोठी नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला नळ आला, की पाणीवाल्या मामांना घरात बोलवा. चहा द्या, आणि म्हणा, मामा, आमच्या नळावर ओटी करून दाखवा. अर्धा मिनिट लागतो. नळी पिवळी झाली तर लेकरांनाही बघू द्या. नाही झाली तर त्यांच्यावर ओरडू नका. आधी विचारा, पावडर शिल्लक आहे का. संपलेली असेल तर ती मागवायच्या कागदावर सही त्यांची लागत नाही, सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची लागते.

नमस्कार.