बोनेटवरचं नाव आणि बोनेटखालची गाडी

[दृश्य : कारखान्यातली असेंब्ली लाइन. अजून काचा न बसवलेल्या गाड्या एकामागून एक पुढे सरकताहेत.]

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. 1990 च्या दशकात इथल्या लाइनवरून दोन गाड्या उतरायच्या. इंजिन तेच, सांगाडा तोच, नट आवळणारे हातही तेच. बाहेरच्या पत्र्यात आणि दिव्यांत थोडा फरक. एकीवर टोयोटा कोरोला हे नाव लागायचं, दुसरीवर जिओ प्रिझ्म. जिओ हा जनरल मोटर्सचा ब्रँड. काही वर्षं वापरून या गाड्या विकायला निघाल्या की कोरोलाला जास्त पैसे मिळायचे, प्रिझ्मला कमी. लोक नावाचे पैसे मोजत होते.

याच कारखान्याची आधीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी तो एकट्या जनरल मोटर्सचा होता. गैरहजेरी, भांडणं, कसंही करून पुढे ढकललेलं काम. 1982 मध्ये त्याला टाळं लागलं. 1984 मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि जुन्याच कामगारांतले बहुतेक परत घेतले गेले. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या टोयोटाच्या तोडीच्या ठरू लागल्या. माणसं बदलली नव्हती, काम करण्याची रीत बदलली होती. लाइनच्या बाजूने एक दोरी टांगलेली असे. काही चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. चूक तिथेच दुरुस्त झाली नाही तर लाइन थांबायची. या कल्पनेचं मूळ मोटारीत नाही, हातमाग-यंत्रमागाच्या जगात आहे. टोयोटा घराण्यातल्या साकिची टोयोडांनी असा माग बनवला होता, जो धागा तुटला की आपोआप थांबे. खराब कापड विणलंच जाऊ नये, म्हणून.

म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कारखान्याची शिस्त गाडीत उतरते, आणि ती शिस्त बोनेटवरच्या चिन्हावरून ओळखता येतेच असं नाही.

चार गाडीवाले जमले की हा वाद निघतोच. जपानी गाडीला मरण नाही, जर्मन गाडी वॉरंटी संपेपर्यंतच, कोरियन आता सुधारली, आणि जुन्या गाड्यांची सर कशालाच नाही. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. भरधाव रस्त्याच्या कडेला, अंधारात, मुलाबाळांसह बंद गाडीत बसून राहावं लागलेल्या माणसाला कोणत्या कंपनीला किती तारे मिळाले याचा काही उपयोग नसतो. आपण काय विकत घेतलं हे त्याला आधी कळायला हवं होतं.

[दृश्य : उघडं बोनेट. कॅमेरा इंजिनवरून सावकाश फिरतो.]

आधी हे पाहू, की आपण ज्याला एका कंपनीची गाडी म्हणतो ती खरंच किती त्या कंपनीची असते. 2019 मध्ये आलेली टोयोटा जीआर सुप्रा घ्या. इंजिन बीएमडब्ल्यूचं. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा. जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्राझला, मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात. जो बीएमडब्ल्यूला नावं ठेवतो आणि टोयोटावर डोळे मिटून विश्वास टाकतो, त्याने या गाडीबद्दल काय म्हणायचं? झेडएफचा तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स बीएमडब्ल्यूत आहे, लँड रोव्हरमध्ये आहे. इंधन फवारणारे इंजेक्टर बॉशचे, नाहीतर डेन्सोचे, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचे.

भाग सामायिक असला की त्यातला दोषही सामायिक होतो. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये हे साऱ्या जगाने पाहिलं. एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने ते बिघडायचं. मग टक्कर झाली की स्फोट नको तितका जोरात व्हायचा, धातूचं कवच फुटायचं आणि तुकडे समोरच्या माणसात घुसायचे. होंडा, टोयोटा, बीएमडब्ल्यू, फोर्ड, कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत हाच भाग होता. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाखांच्या आसपास इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, परत बोलवावे लागले. 2017 मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. ज्या नावाच्या भरवशावर लोकांनी गाडी घेतली होती, ते नाव त्यांना यातून वाचवू शकलं नाही.

मग भरवसा मोजायचा कसा? मोजणारे बरेच आहेत, पण प्रत्येक जण वेगळंच काही मोजतो. जे.डी. पॉवर या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचं एक सर्वेक्षण पहिल्या 90 दिवसांचं, दुसरं तीन वर्षांच्या गाड्यांचं. दोन्हीत हिशेब असतो 100 गाड्यांमागे किती तक्रारी. यात फोन गाडीशी जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स गेला हीसुद्धा एकच. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहक संस्था मोठ्या बिघाडाला जास्त वजन देते. जर्मनीतला एडीएसी हा मोटारक्लब रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद ठेवतो, आणि त्यात सर्वांत वर असते ती साधी 12 व्होल्टची बॅटरी. दहातल्या चार गाड्या तिच्याचमुळे अडकलेल्या. यातला एकही आकडा खोटा नाही. पण एखादी कंपनी यादीत घसरली म्हणून तिचं इंजिन वाईट, असं म्हणण्याआधी तक्रार इंजिनाची होती की स्क्रीनची, ते बघावं.

[दृश्य : टेबलावर ठेवलेला जुना टायमिंग बेल्ट. कडा झिजलेल्या, रबराचे कण सुटलेले.]

आता हा पट्टा बघा. मला विचाराल, तर आजच्या गाड्यांची निम्मी कहाणी या पट्ट्यात आहे.

इंजिनात खालचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, आणि वरचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, एका तालात फिरावे लागतात. त्यासाठी पूर्वी मुख्यतः दोन मार्ग होते. एक तर रबरी पट्टा, जो ऑइलपासून लांब, कोरडा ठेवायचा. नाहीतर धातूची चेन, ऑइलमध्ये भिजलेली. धुराचे नियम कडक होत गेले तसा इंजिनातल्या प्रत्येक घर्षणाचा हिशेब होऊ लागला. मग तिसरी वाट निघाली. पट्टाच ऑइलमध्ये चालवायचा. घर्षण कमी, आवाज कमी, इंधनाची थोडी बचत. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन असं होतं. फ्रान्सच्या पीएसएचं (प्यूजो-सिट्रोएन) 1.2 लिटरचं प्युअरटेकही असंच. फोर्डच्या इंजिनाला 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं जगातल्या सर्वोत्कृष्ट इंजिनाचा मान मिळाला.

परीक्षकांसमोर इंजिन नवं होतं. पुढे काय होतं ते वर्षांनी दिसलं. ऑइल जुनं झालं की त्यात पेट्रोलचे अंश मिसळलेले असतात. छोटे छोटे फेरे मारणाऱ्या, नीट न तापणाऱ्या इंजिनात तर जास्तच. त्या ऑइलने पट्ट्याचं रबर फुगतं, सुटतं. सुटलेले कण खाली जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंग कोरडी पडू लागतात. पट्टा तुटायचीही गरज नसते, त्याच्या भुग्यानेच इंजिन मरतं. प्युअरटेकसाठी कंपनीला शेवटी 10 वर्षं किंवा 1,75,000 किलोमीटरपर्यंत संरक्षण द्यावं लागलं. पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही कंपन्यांनी कॅमशाफ्टसाठी पुन्हा चेन बसवली.

इथे दोष कोणाचा? फोर्ड अमेरिकन, पीएसए फ्रेंच. दोन्हीकडे हुशार इंजिनिअर, दोन्हीकडे तीच कल्पना आणि तेच दुखणं. म्हणून "फोर्ड कशी आहे?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, कुठल्या वर्षी बनलेला? एवढं सांगा, मग बोलता येईल. त्याच फोर्डचं दुसरं एखादं साधं इंजिन निमूटपणे वर्षानुवर्षं चालत असतं.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही. 2015 मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत सोनाटा गाड्या परत बोलावल्या. थीटा-टू इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्ये कारखान्यातल्या कातकामाचा धातूचा कीस राहून गेला होता. तो ऑइलच्या वाटा अडवायचा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जायची. लोक म्हणाले, कोरियन गाडी, दुसरं काय होणार. 2024 मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून लाखभर गाड्या परत बोलावल्या. नव्या व्ही-सिक्स टर्बो इंजिनात कातकामाचा कीस राहिला होता, मेन बेअरिंग जात होती. लोहाराच्या भात्याइतकं जुनं हे दुखणं आहे, कापलेल्या लोखंडाचा कचरा नीट झाडला गेला नाही. दोन्ही कंपन्यांना एकाच मापाने मोजायला हवं.

तरीही टोयोटाचं नाव उगाच झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. ही कंपनी हळू बदलते. चाललेलं इंजिन, चाललेला गिअरबॉक्स इतरांनी सोडून दिल्यावरही ती वर्षानुवर्षं वापरत राहते, आणि त्याबद्दल टीकाही सोसते. आणि तिने एक गोष्ट फार सुरेख केली. 1997 मध्ये तिची हायब्रिड गाडी प्रियस आली तेव्हा अनेकांना वाटलं, पेट्रोल इंजिन अधिक बॅटरी अधिक मोटर, म्हणजे बिघडायला दुप्पट जागा. प्रत्यक्षात आत पाहिलं तर क्लच नाही, बदलत जाणारे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही, जुन्या धाटणीचा अल्टरनेटर नाही. एक प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचा संच) आणि दोन मोटर-जनरेटर, त्यांच्या वेगाच्या ताळमेळावर सगळं चालतं. झिजणारे भागच काढून टाकलेले. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या 2023 च्या पाहणीत हायब्रिड गाड्यांत निव्वळ इंधनावरच्या गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी तक्रारी निघाल्या. इलेक्ट्रिक गाड्यांत 79 टक्के जास्त.

[दृश्य : काळी पडलेली टचस्क्रीन.]

इलेक्ट्रिक गाडीत फिरणारे भाग मोजके, मग असं का? झीज आता नव्या ठिकाणी होते म्हणून. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये स्क्रीनमागे 8 जीबीची एक मेमरी चिप होती. तिच्यावर सतत नोंदी लिहिल्या जायच्या. अशी चिप ठराविक वेळाच लिहिता-पुसता येते. काही वर्षांत ती संपायची आणि स्क्रीन बंद. रिव्हर्स कॅमेरा गेला, काचेवरचं दव घालवायचं बटण गेलं, कारण ते सगळं स्क्रीनमध्येच होतं. 2021 मध्ये सुमारे 1,35,000 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मोटर ठणठणीत, बॅटरी ठीक, आणि गाडी अडली ती नखाएवढ्या चिपने.

जुन्या गाड्या बऱ्या होत्या म्हणणाऱ्यांचं दुःख मला इथे समजतं. हातात पाना घेऊन दुरुस्त करता येणारी वस्तू हातातून निसटली आहे. पण त्या गाड्या जास्त टिकायच्या, हे खरं नाही. पत्रा गंजून जायचा. कितीतरी अमेरिकन गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत, 99,999 नंतर पुन्हा शून्य. 2024 मध्ये अमेरिकेच्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय 12.6 वर्षांवर पोहोचलं होतं.

जुनी गाडी टिकली, तर बहुतेक वेळा त्यामागे माणूस होता. अर्व्ह गॉर्डन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने 1966 मध्ये व्होल्वो पी1800 घेतली आणि 2013 मध्ये तिच्यावर 30 लाख मैल पूर्ण केले. 48 लाख किलोमीटर. ते ऑइल वेळेवर बदलत होते, पुस्तिकेत लिहिलं होतं तसं. आज पुस्तिकाच कधी कधी फसवी असते. काही कंपन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं म्हणतात. तो बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र सांगते, 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

[दृश्य : घरासमोर थांबलेली गाडी. धुतलेली, चकाकणारी.]

आणि कंपनीच्या नावाचा खरा कस लागतो तो चूक सापडल्यावर. 1989 च्या सप्टेंबरमध्ये लेक्सस एलएस 400 बाजारात आली. हा टोयोटाचा महागड्या गाड्यांचा नवाकोरा ब्रँड. डिसेंबरमध्ये वायरिंगबद्दल आणि तापणाऱ्या ब्रेक-दिव्याबद्दल तक्रारी आल्या. कंपनीने विकलेल्या सगळ्या, आठ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. माणसं गाड्या घरून घेऊन गेली, दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत आणून दिल्या.

आता जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच, किल्ली फिरवून गाडी चालू करायचा. आतली स्प्रिंग इतकी सैल, की खड्ड्याच्या धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने किल्ली फिरायची. चालती गाडी बंद व्हायची, स्टिअरिंग जड व्हायचं, आणि एअरबॅगही उघडायच्या नाहीत. 2006 मध्ये त्या स्विचची रचना गुपचूप सुधारली गेली, पण भागाचा क्रमांक जुनाच ठेवला गेला. त्यामुळे शोध घेणाऱ्यांना वर्षानुवर्षं कळेना, की आधीच्या गाड्यांत माणसं मरताहेत आणि नंतरच्यांत का नाही. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या 2014 च्या फेब्रुवारीत. भरपाई देणाऱ्या निधीने 124 मृत्यू मान्य केले.

त्याच्याच पुढच्या महिन्यात, मार्च 2014 मध्ये, आणखी एका कंपनीने अमेरिकन सरकारला 120 कोटी डॉलर भरण्याचं कबूल केलं. अडकणारे अॅक्सिलरेटर आणि त्यांच्यात गुंतणाऱ्या मॅट यांबद्दल ग्राहकांना अंधारात ठेवलं, हे तिने मान्य केलं होतं. ती कंपनी टोयोटा. 1989 मध्ये घरोघरी माणूस पाठवणारी.